खानदेशच्या काळ्या कातळात प्लॅटिनम का सापडत नाही? तसाच कातळ असलेल्या सायबेरियात मात्र खाणी का आहेत?

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याबरोबर आता प्लॅटिनमच्या अंगठ्याही दिसतात. केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या पंपाच्या मोटारीत तांब्याचं वाइंडिंग असतं. चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं, तर नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारं पॅलेडियम किंवा प्लॅटिनम. यातलं प्लॅटिनम बहुतेक वेळा दक्षिण आफ्रिकेतून आलेलं असतं आणि पॅलेडियमचा मोठा वाटा रशियातून. निकेलसाठी तर भारत जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० 'महत्त्वाच्या खनिजांची' यादी जाहीर केली. तांबं, निकेल आणि प्लॅटिनम गटातले धातू हे तिन्ही त्या यादीत आहेत.

रशियात हे धातू सापडतात ते सायबेरियातल्या नोरिल्स्क शहराभोवती. तिथला काळा कातळ आणि धुळे-जळगावचा काळा कातळ हे एकाच प्रकारच्या घटनेतून तयार झाले आहेत. मग तिकडे जगातल्या सर्वांत श्रीमंत खाणींपैकी काही खाणी आणि इकडे एकही नाही, असं का? उत्तर एका अगदी साध्या मूलद्रव्यात आहे. ते म्हणजे गंधक.

दोन महाउद्रेक, एकच जात

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नामशेष झाले त्याच सुमारास, आजच्या महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. शंकूच्या आकाराच्या डोंगरातून होणारा हा उद्रेक नव्हता. लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो टिकून आहे. यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची लेणी कोरलेला दगड, धुळ्याजवळचा लळिंग किल्ला ज्यावर उभा आहे तो डोंगर, हे सगळं त्याच बसाल्टचं. खानदेशातली कापसाची काळी माती हाच बसाल्ट झिजून तयार झाली.

सायबेरियात असंच घडलं ते त्याआधी खूप, म्हणजे सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी. पृथ्वीवरच्या सजीवांचा आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला तो याच काळात. त्या लाव्हाला सायबेरियन ट्रॅप म्हणतात. दोन्हीकडचा दगड हाती घेतला तर सामान्य माणसाला फरक सांगता येणार नाही.

धातू मुळात येतात कुठून?

पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण नावाचा जाड थर आहे. निकेल, तांबं आणि प्लॅटिनम गटातले धातू तिथे अत्यल्प प्रमाणात विखुरलेले असतात. प्रावरणाचा काही भाग वितळला की शिलारस तयार होतो आणि वर येताना हे धातू तो सोबत आणतो. प्रावरण थोडंच वितळलं, तर प्लॅटिनम तिथल्याच गंधकयुक्त कणांत अडकून खाली राहतं. भरपूर वितळलं, तरच ते कण पूर्ण विरघळून धातू शिलारसात उतरतात. डेक्कन आणि सायबेरिया हे दोन्ही भरपूर वितळण्याचेच प्रसंग होते.

म्हणजे धातू खानदेशातही आला. डेक्कन ट्रॅपच्या एक टन बसाल्टमध्ये साधारण १०० ते २०० ग्रॅम तांबं असतं. प्लॅटिनम मात्र काही मिलिग्रॅमच. ऐकायला हे नगण्य वाटतं, पण कातळ किती आहे ते पाहा. एक घन किलोमीटर बसाल्टचं वजन सुमारे २९० कोटी टन भरतं. टनाला १५० ग्रॅम धरले, तर तेवढ्या एका तुकड्यात चार लाख टनांहून जास्त तांबं झालं. प्लॅटिनम टनाला ५ मिलिग्रॅम धरलं, तरी १४ टनांवर जातं. भारतीय खाण ब्युरोने २०१० मध्ये देशभरातल्या प्लॅटिनम गटातल्या सगळ्या धातूंचा मिळून जो साठा दाखवला होता, तो १५.७ टन होता!

तरीही हा कातळ फोडून प्लॅटिनम काढणं परवडणार नाही, कारण धातू सगळीकडे सारखा पसरलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत टनामागे साधारण ५-६ ग्रॅम प्लॅटिनम गटातले धातू असतात, म्हणजे आपल्या बसाल्टच्या कित्येक शेकडो पट. खाण होण्यासाठी विखुरलेला धातू कुणीतरी आधी एका जागी गोळा करावा लागतो.

शेवभाजीची तर्री आणि शिलारसातलं सल्फाइड

हे गोळा करणं कसं होतं, ते खानदेशातल्या कुणालाही शेवभाजीच्या पातेल्यात दिसू शकतं. रस्सा उकळला की वर लाल तर्री येते. तिखटाचा लाल रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र चटकन उतरतो. त्यामुळे पातेल्यातल्या सगळ्या रश्श्याचा रंग थोड्याशा तेलात गोळा होतो.

शिलारसात तेलाचं काम सल्फाइड करतं. शिलारसात गंधक मावेनासं झालं की ते लोहाशी जोडलं जाऊन त्याचे वेगळे द्रव थेंब तयार होतात. हे थेंब शिलारसात मिसळत नाहीत. निकेल आणि तांबं यांना शिलारसापेक्षा या थेंबांत राहणं शेकडो पट जास्त सोयीचं असतं. प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या बाबतीत ही ओढ लाखाच्या घरात जाते. आसपासच्या शिलारसातला धातू थेंब अक्षरशः शोषून घेतात.

तर्रीत आणि या थेंबांत एक मोठा फरक आहे. तेल हलकं म्हणून वर तरंगतं, सल्फाइड जड म्हणून तळाशी बसतं. त्यामुळे धातू लाव्हाबरोबर वर उधळला जात नाही, जमिनीखालच्या वाटेतच एखाद्या खोलगट जागी साठतो. थंड झाल्यावर त्यातून पायरोटाइट, पेंटलँडाइट आणि चाल्कोपायराइट ही खनिजं तयार होतात. निकेल मुख्यतः पेंटलँडाइटमध्ये आणि तांबं चाल्कोपायराइटमध्ये असतं.

आणखी एक गोष्ट तर्रीसारखीच. चमचाभर तेल मोठ्या पातेल्यातल्या रश्श्यात नीट ढवळलं, तर ते जास्त रंग पकडतं. वाटीभर रश्श्यात तितकं पकडणार नाही. तसंच थोड्या सल्फाइडवरून भरपूर शिलारस वाहत गेला, तर ते थेंब फार श्रीमंत होतात. म्हणून उत्तम साठे बऱ्याचदा शिलारसाच्या वाहत्या नळ्यांमध्ये सापडतात, जिथून मागून येणारा ताजा शिलारस सतत जात राहिला.

मग अडचण कुठे येते?

अडचण अशी की शिलारस वर येतो तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की त्याची गंधक विरघळवण्याची क्षमता वाढते. म्हणजे खालून निघताना तो गंधकाने काठोकाठ भरलेला असला, तरी वर पोहोचेपर्यंत त्यात आणखी गंधक मावेल अशी जागा झालेली असते. अशा वेळी सल्फाइडचे थेंब आपोआप पडत नाहीत. लाव्हा बाहेर येतो, थिजतो आणि धातू त्यात जसाच्या तसा विखुरलेला राहतो.

थेंब पाडायचे तर वाटेत बाहेरून गंधक मिळायला हवं. शिलारस ज्या खडकांतून वर चढतो, त्या खडकांतच ते असायला हवं.

नोरिल्स्कला नेमकं हे जुळून आलं. तिथे लाव्हाच्या खाली जिप्समच्या जातीतल्या अॅनहायड्राइटचे जाड थर होते. प्राचीन समुद्राचं पाणी आटून ते तयार झाले होते आणि गंधकाने भरलेले होते. त्यांच्या वर कोळशाचे थरही होते. शिलारस या थरांमध्ये घुसला, आडव्या नळ्यांसारखा पसरला आणि त्याने तिथलं गंधक गिळलं. सल्फाइडचे थेंब पडले आणि मागून येणाऱ्या शिलारसातला धातू शोषत राहिले. नोरिल्स्क आणि तालनाख इथली खनिजं त्या थिजलेल्या नळ्यांच्या तळाशी आहेत. त्यांतल्या गंधकाचे समस्थानिक तपासले, तर ते प्रावरणातल्या गंधकापेक्षा जड निघतात. गंधक बाहेरून आल्याचा हा थेट पुरावा मानला जातो.

डेक्कनमध्ये काय घडलं नाही?

रीड कीज आणि पीटर लाइटफूट या भूवैज्ञानिकांनी सायबेरिया आणि डेक्कन इथल्या लाव्हांची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत साधी होती. जमिनीखाली सल्फाइडने धातू खेचून घेतला असेल, तर वर आलेल्या लाव्हात तो कमी दिसला पाहिजे. रश्श्यावरची तर्री काढून घेतली की खालचा रस्सा फिका दिसतो, तसंच.

सायबेरियात असा 'फिका' लाव्हा सापडतो. नाडेझ्दिन्स्की नावाच्या थरांमध्ये तांबं आणि निकेल अपेक्षेपेक्षा खूपच कमी आहे, प्लॅटिनम गटातले धातू तर जवळपास नाहीतच. म्हणजे ते खालीच राहिले.

डेक्कनमध्ये सह्याद्रीतल्या 'बुशे' नावाच्या थरांकडे त्यांनी लक्ष दिलं. या लाव्हात कवचातले जुने खडक भरपूर मिसळले आहेत, हे आधीपासून माहीत होतं. तरीही त्यातले धातू फारसे घटलेले नाहीत. कारण मिसळलेले खडक ग्रॅनाइट-नीस प्रकारचे होते आणि त्यांच्यात गंधक अगदीच कमी होतं. शिलारसाने वाटेतला खडक गिळणं पुरेसं नसतं, त्या खडकात गंधक असावं लागतं, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

डेक्कनच्या काळ्या कातळात खाण का नाही, याचं आजचं सर्वांत पटणारं उत्तर हेच आहे. धातू होता, उष्णता होती, वाहत्या वाटा होत्या. त्याला एका जागी बांधणारं गंधक या वाटांवर मिळाल्याची खूण अजून दिसलेली नाही.

तरी खानदेश महत्त्वाचा का?

सह्याद्रीत आपल्याला मुख्यतः बाहेर पडलेला लाव्हा दिसतो. खानदेशात लाव्हाच्या वाटा दिसतात. शिलारस ज्या भेगांतून वर आला, त्याच भेगांत शेवटचा शिलारस थिजून उभ्या भिंती तयार झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. आजूबाजूचा खडक झिजला, की या भिंती सरळ रेषेतल्या टेकड्यांसारख्या उघड्या पडतात. साक्री, धुळे, नंदुरबार या भागात पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अशा टेकड्या ठिकठिकाणी दिसतात. उपग्रहाच्या नकाशावर त्या जमिनीवर ओढलेल्या रेघांसारख्या दिसतात.

नंदुरबार-धुळे परिसरातल्या २०० हून अधिक डाइकांचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. त्यांतला साक्रीहून धुळ्यामार्गे जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यापर्यंत जाणारा डाइक सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे.

अशा साठ्यांच्या शोधात लाव्हापेक्षा त्याच्या वाटा, आणि त्या वाटा कोणत्या खडकांतून गेल्या हे जास्त महत्त्वाचं. खानदेशात लाव्हाचा तळ उघडा पडलेला नाही, त्यामुळे खाली काय आहे हे अप्रत्यक्षपणेच कळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने नर्मदा-तापी पट्ट्यात जमिनीत लहरी सोडून खोलवरची रचना तपासली. त्यांपैकी एक रेषा सेंधव्याहून दक्षिणेला सिंदाडपर्यंत, म्हणजे थेट खानदेश ओलांडून जाते. या अभ्यासांवरून तिथे ट्रॅपच्या खाली मध्यजीव महाकल्पातले गाळाचे खडक दडलेले असावेत, असा अंदाज आहे. नोरिल्स्कलाही शिलारस गाळाच्या खडकांतच घुसला होता. पण सगळ्याच गाळाच्या खडकांत गंधक नसतं. वाळूच्या खडकातून गेलेला शिलारस कोरडाच राहील. जिप्सम, काळा शेल किंवा गंधकयुक्त कोळसा असेल तरच गोष्ट बदलते. आणि तसं झालं असेल, तर त्याची खूण वरच्या लाव्हात किंवा डाइकांत धातूंच्या तुटवड्याच्या रूपात दिसायला हवी. त्यामुळे इथला शोध खोदकामाने सुरू होत नाही. तो डाइकांच्या आणि लाव्हाच्या रासायनिक तपासणीपासून सुरू होतो.

महाराष्ट्रात असं खनिज कुठेच नाही का?

आहे, पण डेक्कन ट्रॅपमध्ये नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी भागात, हेटी इथे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी निकेल, तांबं, कोबाल्ट आणि प्लॅटिनम गटातले धातू असलेल्या सल्फाइडची नोंद केली आहे. तिथला गॅब्रो खडक डेक्कन ट्रॅपपेक्षा कितीतरी जुना आहे. गॅब्रो म्हणजे बसाल्टचाच भाऊ, फक्त जमिनीच्या आत सावकाश थंड झालेला. हेटीच्या खडकांत पायरोटाइट, पेंटलँडाइट आणि चाल्कोपायराइट हीच त्रिकूट खनिजं आहेत. खनिजाची नोंद होणं आणि परवडणारी खाण होणं यांत मात्र बरंच अंतर असतं.

देशात प्लॅटिनम गटाचे ज्ञात साठे मुख्यतः ओडिशातल्या बौला-नुआसाही आणि सुकिंदा परिसरात आहेत, थोडे कर्नाटकात हनुमलापूर इथे. दक्षिण आफ्रिकेतलं बुशवेल्ड या सगळ्यांचा थोरला भाऊ. सुमारे २०५ कोटी वर्षांपूर्वी तिथे शिलारसाचा प्रचंड साठा जमिनीखालीच हळूहळू थंड होत गेला आणि त्यात थर पडले. त्यांतला मेरेन्स्की रीफ नावाचा थर बऱ्याच ठिकाणी एक मीटरहूनही पातळ आहे, पण शेकडो किलोमीटर पसरलेला आहे. तो १९२४ मध्ये सापडला. आज जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के दक्षिण आफ्रिकेतून येतं.

कॅनडातल्या सडबरीची कथा आणखी वेगळी. तिथे १८५ कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून कवचच वितळलं आणि त्या रसातून निकेल-तांब्याचं सल्फाइड खाली बसलं. अशनी तर आपल्या लोणारलाही पडला, मग तिथे निकेल का नाही? कारण आकार. लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं आहे, सडबरीचं मूळ विवर सुमारे २०० किलोमीटरचं असावं. लोणारला वितळलेला खडक इतका थोडा होता, की तो लगेच थिजला. थेंब पडून तळाशी बसायला त्याला वेळच मिळाला नाही.

शेतात चमकणारा दगड सापडला तर?

विहीर खोदताना किंवा बोअर मारताना चमकणारा दगड निघाला, की त्याचे व्हिडिओ 'सोनं सापडलं', 'प्लॅटिनम सापडलं' म्हणून फिरू लागतात. अशा वेळी एवढं लक्षात ठेवावं, की प्लॅटिनमचं खनिज चमकून ओळख देत नाही. त्याचे कण बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात आणि प्रमाण प्रयोगशाळेतच कळतं.

जळगाव भागातल्या खाणींत चमकतात ती बहुतेक झिओलाइट आणि अपोफिलाइटची स्फटिकं. लाव्हातले वायूचे बुडबुडे थिजून राहिलेल्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून ती वाढली. त्यांच्यात मौल्यवान धातू नाही, पण सौंदर्यासाठी ती जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेली असतात आणि त्यांवर जळगावचं नाव असतं. शंका असेलच, तर राज्याच्या नागपूरमधल्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयाकडे किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे विचारणं हा योग्य मार्ग. 'तुमच्या जमिनीत धातू आहे, आधी तपासणीचे पैसे द्या' असं सांगत कुणी दारात आलं, तर सावध राहावं. निकेल आणि प्लॅटिनम गटाच्या खनिजांच्या खाणपट्ट्यांचा लिलाव २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर केंद्र सरकार करतं. खासगी व्यवहारात ते हक्क विकत मिळत नाहीत.

साठा सापडणं म्हणजे फक्त फायदा नव्हे

जे गंधक धातू गोळा करतं, तेच नंतर त्रासही देतं. सल्फाइड खनिज भट्टीत घातलं, की गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन धुरातून बाहेर पडतं. नोरिल्स्क कित्येक दशकं जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांमध्ये गणलं गेलं ते याच वायूमुळे. आसपासची जंगलं त्याने जळून गेली. मे २०२० मध्ये तिथल्या वीजकेंद्राची टाकी फुटून सुमारे २० हजार टन डिझेल सांडलं आणि नद्या लाल झाल्या. सल्फाइड खाणींच्या टाकाऊ दगडावर पावसाचं पाणी पडलं, की आम्ल तयार होऊन ते विहिरी-नाल्यांत उतरू शकतं. तापीच्या खोऱ्यात केळी आणि कापूस पिकवणाऱ्यांसाठी हा मुद्दा धातूच्या किमतीइतकाच मोठा ठरेल.

तोवर खानदेशातले डाइक वेगळ्याच कामी येत आहेत. जमिनीखाली उभी असलेली ही भिंत अनेक ठिकाणी पाणी अडवते. काही ठिकाणी तिच्या कडेच्या फुटक्या खडकात पाणी साठतं, काही ठिकाणी ती पाण्याची वाटच तोडते. म्हणून शेजारशेजारच्या दोन शेतांत एका विहिरीला पाणी आणि दुसरी कोरडी, असं दिसू शकतं. पाणलोटाची कामं आखताना किंवा विहिरीची जागा ठरवताना गावाजवळचा डाइक कुठून कुठे जातो हे माहीत असणं खूप उपयोगाचं असतं. साक्री ते पारोळा या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला त्या काळ्या भिंतीचा आज मिळणारा सर्वांत खात्रीचा लाभ पाण्याचाच आहे.